खोरे संघटनेच्या नव्या सचिवांस

आपण खोऱ्यातील गावांच्या संघटनेचे सचिवपद स्वीकारले आहे, तेव्हा आरंभी कागदपत्रांकडे लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. ही संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असली तरी महाराष्ट्रात तिला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमही लागू होतो. त्यामुळे कार्यकारिणी बदलल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो, अन्यथा नोंदवहीत जुनेच पदाधिकारी राहतात आणि बँकेत सह्या बदलताना अडचण येते. वार्षिक लेखापरीक्षणही टाळू नये.

सभा मोहफुलांच्या दिवसांत, तेंदूपत्ता हंगामात किंवा धानाच्या रोवणीत ठेवल्यास केवळ रिकामे लोकच येतात, आणि त्यांचेच मत गावाचे मत म्हणून नोंदले जाते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतले जातात. ही पद्धत वेळखाऊ आहे, परंतु सर्व स्वयंसेवकच असताना हरलेला गट कामातून हळूच अंग काढून घेतो, हे लक्षात घेता मला तीच परवडणारी वाटते. थकून गप्प बसलेल्यांना मात्र सहमत धरू नये.

वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे, संघटनेला नाही. म्हणून बांबू वा तेंदूपत्त्याच्या विक्रीसंबंधी संघटनेने फार तर गावांत समन्वय साधावा. ठराव प्रत्येक ग्रामसभेने स्वतंत्रपणे करावा आणि त्याची प्रत आपण दप्तरी ठेवावी.