वाचकांचे प्रश्न : दुबईची सिगार, क्युबाची सिगार आणि आपल्या गल्लीतली विडी

मागच्या अंकात परदेशातून येताना सोनं किती आणता येतं ते लिहिलं होतं, आणि त्यावर सोन्यापेक्षा सिगारचेच प्रश्न जास्त आले. म्हणून यावेळी सगळं पान त्याच विषयाला दिलंय.

प्रश्न : मेहुणे दुबईला असतात, दिवाळीला सोलापूरला येतायत. त्यांना सिगारचे दोन बॉक्स आणायला सांगितलेत, एकेकात २५ आहेत. मुंबई एअरपोर्टवर अडवतील का? एक बॉक्स बहिणीच्या बॅगेत टाकला तर चालतं का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

एका प्रवाशाला ड्युटी न भरता २५ सिगार आणता येतात, नाहीतर १०० सिगारेटी, नाहीतर १२५ ग्रॅम तंबाखू. तिन्हीपैकी काहीतरी एकच. म्हणजे २५ सिगार घेतल्यावर वरून ड्युटी फ्रीचं सिगारेटचं पाकीट फुकटात बसत नाही, लोक इथेच फसतात. बहीण त्याच विमानात असेल तर तिचा कोटा तिला आहेच, पण दोघांचा कोटा एकत्र करून एकाच्या बॅगेत भरता येत नाही, आणि आणलेला माल स्वतःच्या वापराचा पाहिजे. बहीण सिगार ओढत नाही आणि तिच्या बॅगेत २५ निघाल्या, तर ऑफिसरने प्रश्न विचारला की उत्तर तिला द्यावं लागणार, तुम्हाला नाही. कशाला तिला त्या लाईनीत उभं करताय, मला तरी हे पटत नाही.

जास्तीच्या सिगार आणायच्याच असतील तर रेड चॅनलला, म्हणजे ड्युटी लागणारं सामान सांगायच्या लाईनीला जायचं, सांगायचं, ड्युटी भरायची. कपड्यालत्त्याच्या जास्तीच्या सामानाला जो रेट लागतो त्याच्यापेक्षा तंबाखूचा रेट लई वरचा असतो, त्यामुळे स्वस्त पडेल म्हणून आणत असाल तर तो हिशोब जमत नाही. न सांगता ग्रीन चॅनलमधून निघाले आणि सापडले तर माल जप्त आणि वर दंड. कुरिअरने गिफ्ट म्हणून पाठवायचा मार्गही बंद झालाय, गिफ्टवरची ती जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढंच त्यात राहिलं.

अजून एक सांगतो. काचेच्या झाकणाच्या पेटीत कोहिबा, म्हणजे क्युबाची नावाजलेली सिगार, स्वस्तात देतो म्हणून कोणी मागे लागला तर घेऊ नका, कंपनी तशी काचेच्या झाकणाची पेटी काढतच नाही. आत कसला पाला भरलाय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला आहे. तो म्हणतो अमेरिकेत क्युबाची सिगार मिळतच नाही. मग आपल्याकडेही बंदी आहे का? (निवृत्त शिक्षक, रेल्वे लाईन्स)

सर, मुलगा बरोबर सांगतोय. प्रेसिडेंट केनेडींनी फेब्रुवारी १९६२ मध्ये क्युबाशी व्यापार बंद केला, तो अजून उठलेला नाही. त्यांचे प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर यांनी पुढे स्वतःच सांगितलं होतं की सही करायच्या आदल्या संध्याकाळी केनेडींनी त्यांना क्युबाच्या सिगार गोळा करायला पिटाळलं, त्यांनी १२०० आणल्या आणि मग सही झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ओबामांच्या काळात प्रवाशांना स्वतःपुरत्या आणायला मोकळीक मिळाली होती, सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प सरकारने ती पुन्हा बंद केली. म्हणून तिथल्या दुकानात डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास इथला माल दिसतो.

आपल्याकडे क्युबावर अशी काही बंदी नाही. भारतात कुठल्याही देशाची सिगार रीतसर इम्पोर्ट होते, फक्त भरपूर ड्युटी भरून, आणि पाकिटावर आपल्या सरकारने ठरवलेलं इशाऱ्याचं चित्र लागतं, २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर. पण कोणी भारतातून क्युबाची सिगार घेऊन मुलाकडे जाणार असेल तर त्याला नको म्हणा, तिकडे काढून घेतील.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. सिनियर्सच्या फेअरवेलला सगळ्यांनी मिळून सिगार घ्यायची ठरवलीय. मी आजपर्यंत काहीच ओढलेलं नाही. मित्र म्हणतात सिगारचा धूर आत घ्यायचा नसतो त्यामुळे काही होत नाही, सवयही लागत नाही, सिगारेटपेक्षा सेफ आहे. पहिल्यांदा ओढताना काय काळजी घ्यायची? (एक विद्यार्थी, होटगी रोड)

तू विचारलंस हे फार बरं केलंस, कारण मित्रांनी सांगितलेलं अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळा धोका आहे. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत हे खरं. पण सिगारची तंबाखू ज्या पद्धतीने मुरवतात त्याने तिचा धूर अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट, होतो, आणि अशा धुरातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतूनच रक्तात उतरतं, त्याला फुप्फुसापर्यंत जायची गरजच नाही. सिगारेटमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते, मोठ्या सिगारमध्ये ५ पासून २० ग्रॅमपर्यंत. एक सिगार म्हणजे कधीकधी अख्खं सिगारेटचं पाकीट होतं, आणि ती तास तास जळते. धूर तोंडात घोळवत ठेवायचा म्हणजे जीभ, गाल, घसा तेवढा वेळ त्यात भिजत राहणार. धूर आत न घेणाऱ्यांनाही तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, स्वरयंत्राचा कॅन्सर होतो, हे डॉक्टर लोक कित्येक वर्षं सांगतायत. आणि निकोटीन तेच असल्यावर सवय लागणार नाही असं कोण म्हणतं?

आता आपल्या सोलापुरात बघ, पोरं मावा खातात, गुटखा २०१२ पासून महाराष्ट्रात बंद असून पुड्या मिळतातच, आणि तोंड आधीच सोललेलं असतं. कितीतरी पोरांना कडक भाकरी खाताना तोंड पूर्ण उघडत नाही आणि शेंगाचटणी नुसती लागली तरी जळजळ होते, तरी ते डॉक्टरला दाखवत नाहीत. अशा तोंडात वरून सिगारचा धूर म्हणजे जखमेवर रोज मीठ. तुझ्या ग्रुपमध्ये असा कोणी असेल तर त्याला आधी डेंटिस्टकडे ने, पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा फोड दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला की दाखवायचंच.

माझा सल्ला विचारशील तर घेऊच नको. तुझी पाटी कोरी आहे आणि ती कोरी ठेवण्याइतकं सोपं नंतर काहीच नसतं, सोडायचा प्रयत्न करणाऱ्या कुणालाही विचार. फेअरवेलला सिगार हातात आली तर "मी घेत नाही" एवढंच सरळ म्हण आणि पुढच्याकडे दे, कारणं सांगत बसलास की वाद सुरू होतो. पाच मिनिटांनी कुणाच्या लक्षातही राहत नाही, सगळे फोटोत असतात.

तरी आग्रहापोटी झुरका गेलाच तर रिकाम्या पोटी नको, दारूबरोबर तर अजिबात नको, आणि संपवायचीच असं मनात धरू नको. नव्या माणसाला निकोटीन चढलं की आधी तोंडाला पाणी सुटतं, मग हातपाय गार पडतात, दरदरून घाम, गरगरणं, उलटी. तिथेच थांबायचं, मोकळ्या हवेत बसायचं, पाणी प्यायचं. उलट्या थांबेनात किंवा छातीत धडधडायला लागलं तर डॉक्टरकडे न्यायचं, मित्र हसतील म्हणून लपवायचं नाही. आणि हॉटेलात किंवा स्टेशनवर ओढलीत तर २०० रुपये दंड आहे, २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे. सिगारऐवजी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, चालेल का असंही कोणी सुचवेल, ते २०१९ च्या कायद्याने आणायला, विकायला सगळ्यालाच बंद आहे.

ग्रुपमधल्या ज्यांना आधीच सवय लागलीय त्यांना १८००-११-२३५६ हा नंबर दे, सरकारी आहे, फुकट आहे. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटं टिकते आणि उतरते, तेवढा वेळ काढायचं शिकवतात ते लोक.

प्रश्न : आमची अम्मा घरी विड्या वळते. माझा भाऊ म्हणतो विडी गरिबांची म्हणून बदनाम, सिगार भारी असते, त्यात केमिकल नसतं. आणि अम्माला रात्रीचा खोकला असतो, त्याला काय करावं? (एक वाचक मुलगी, विडी घरकुल)

ताई, तुझं पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो. भावाला सांग, विडी असो नाहीतर सिगार, जळते ती तंबाखूच. विडीचं तेंदूचं पान धूर सहज येऊ देत नाही, म्हणून ओढणारा जोरात आणि सारखा ओढतो, त्याने टार आणि निकोटीन उलट जास्त जातं. आपल्या देशाने १९६६ साली कामगारांसाठी कायदा केला तोही विडी आणि सिगार दोन्हीच्या कामगारांसाठी मिळून एकच.

आता अम्माचं. ओढत नसली तरी ती दिवसभर तंबाखूत बसते. भिजवलेलं पान कात्रीने कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा मारायचा, आणि सूप मांडीवर, मान खाली. प्रत्येक चिमटीला बारीक धूळ उडते ती नाकात जाते, आणि निकोटीन बोटांच्या कातडीतूनही आत जातं. तोंडाला सुती फडकं बांधायला लाव, सूप खिडकीजवळ किंवा दाराशी घ्यायला सांग, जेवणाआधी आणि लहान पोराला उचलण्याआधी साबणाने हात, आणि तंबाखूची पिशवी स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. अम्माचं विडी कामगाराचं ओळखपत्र आहे का बघ, नसेल तर युनियनकडे जाऊन काढा. त्यावर केंद्राच्या कामगार कल्याण खात्याच्या दवाखान्यात दाखवता येतं आणि तुझ्या शिक्षणाला स्कॉलरशिपही मिळते. तू शिकतेयस ना, मग तो फॉर्म वेळेत भर, शाळा-कॉलेजकडून पुढे पाठवावा लागतो आणि तिथेच बऱ्याच जणींचा राहून जातो.

प्रश्न : माझी पानटपरी आहे, इम्पोर्टेड सिगार ठेवू का? (पानटपरी मालक, कॉलेजजवळ)

पाकिटावर भारतातलं इशाऱ्याचं चित्र नसेल तर तो माल विकता येत नाही, कितीही ओरिजिनल असो. १८ वर्षांखालच्यांना काहीच द्यायचं नाही, आणि तसा ६० बाय ३० सेंटिमीटरचा बोर्ड लावावा लागतो. सुट्या सिगारेटी-विड्या विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. आणि तुम्ही "कॉलेजजवळ" लिहिलंय म्हणून आधी अंतर मोजा, शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, कुठलीच तंबाखू विकता येत नाही, आणि हे अंतर गेटपासून धरत नाहीत, कंपाउंडच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून धरतात.