बॉक्सिंगच्या रिंगमध्ये ऐन भरातला मुहम्मद अली आणि ऐन भरातला माइक टायसन भिडले तर कोण जिंकेल? आणि आजच्या ब्रिटिश हेवीवेट फ्युरीपुढे हे दोघे टिकतील का?

अली जिंकेल. पंधरा राउंडची लढत असेल तर अकराव्या-बाराव्याच्या आसपास रेफरी मध्ये पडून लढत थांबवेल. बाराचीच असेल तर गुणांवर, पण स्पष्ट. टायसनच्या हातात पहिले चार राउंड आहेत आणि त्या चारांत तो कुणालाही आडवा करू शकतो, याबद्दल वाद नाही. फ्युरीचं शेवटी सांगतो.

खरं तर उत्तर इथेच संपायला हवं. पण प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की 'टायसनचे नॉकआउट पाहिल्यावर अली दोन राउंडही टिकेल असं वाटत नाही', आणि हे वाक्य मी १९८९ पासून ऐकतोय. ज्याच्या तोंडून ऐकलं तो माझा हॉस्टेलमधला रूम पार्टनर, त्याला आपण आबा म्हणू. आता दोघांचेही केस गेले, पोरं नोकरीला लागली, तरी हा माणूस रात्री साडेअकराला मला टायसनची क्लिप पाठवतो आणि खाली हसणारे चेहरे टाकतो. तेव्हा थोडं लांबलं तर समजून घ्या.

आबा कराडकडचा, तालमीत वाढलेला. उंचीला बेताचा, पण मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळायचं नाही. मी विद्यापीठाच्या बॉक्सिंग संघात, उंच आणि काटकुळा. त्यामुळे तो टायसनचा आणि मी अलीचा, ही वाटणी आपसूक झाली. वर्गणी काढून रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायचे ते दिवस. दोन पिक्चर झाले की पहाटेच्या सुमाराला आबा आपली ठेवणीतली कॅसेट लावायचा. कुणाच्या तरी मामाने दुबईहून आणलेली, टायसनच्या नॉकआउट्सची. त्यात १९८६ चा ट्रेव्हर बर्बिक होता: डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसतो, माणूस पडतो, उठायला जातो, पाय ऐकत नाहीत, पुन्हा पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा कोलमडतो. एका ठोशात तीनदा पडलेला माणूस. १९८८ चा मायकेल स्पिंक्स होता, ९१ सेकंदांत खलास. आबा तेवढाच भाग इतक्यांदा मागे घेऊन दाखवायचा की टेपवर त्या जागी पांढरे पट्टे उठले होते.

त्या कॅसेटवर काय नव्हतं ते आता सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. जेम्स टिलिस, मे १९८६, पूर्ण दहा राउंड. मिच ग्रीन, त्याच महिन्यात, पूर्ण दहा. 'बोनक्रशर' स्मिथ, मार्च १९८७, पूर्ण बारा, त्यातला बहुतेक वेळ टायसनला कवटाळून. टोनी टकर, ऑगस्ट १९८७, पूर्ण बारा, आणि पहिल्याच राउंडमध्ये टकरच्या अपरकटने (खालून हनुवटीकडे येणाऱ्या ठोशाने) टायसन हलला होता. चौघंही हरले, नाही कुठे म्हणतो मी. पण हा काही तुरुंगातून सुटून आलेला टायसन नव्हे. विशीतला, अंगात आग असलेला, कोपऱ्यात प्रशिक्षक केव्हिन रूनी असलेला टायसन आहे. टिलिस सोडला तर बाकीचे तिघे सहा फूट चार-पाच इंचांचे. लांब हात पुढे ठेवायचा, जवळ आला की धरायचा, एवढ्या भांडवलावर ते शेवटपर्यंत उभे राहिले. अलीचे पाय त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हते. अलीचं डोकं तर नव्हतंच.

हे सगळं मी रद्दीवाल्याकडून आणलेल्या जुन्या अमेरिकन अंकांत वाचून आबाला दाखवलं. तो म्हणाला, "त्यात काही बघण्यासारखं नसेल, म्हणून नसतील घातल्या." वादात याच्यापुढे माणूस काय बोलणार?

मग एका संध्याकाळी प्रात्यक्षिक झालं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, मुठींना उशीचे अभ्रे गुंडाळून. बघायला अर्धं हॉस्टेल. आबाने टायसनसारखे दोन्ही हात गालांना लावले आणि डोकं डावी-उजवीकडे झुलवत आत आला. चपळ होता, माझे दोन जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) त्याने सहज चुकवले. तिसऱ्याला तो अगदी छातीशी आला तेव्हा मी डावा पंजा त्याच्या मानेवर मागून टाकला, डोकं खाली ओढलं आणि अंगाचा भार वरून सोडून दिला. आबाचे हात चालत होते, पण ठोसे लागत नव्हते. हुकची ताकद हातात नसते, ती कमरेच्या पिळातून येते, आणि पिळायला पाय जमिनीत रुतलेले लागतात. डोकं खाली ओढलं की भार चवड्यांवर जातो आणि कंबर वळतच नाही. आबाचे कान लालबुंद झाले. सुटल्यावर पहिलं वाक्य काय, तर "फाउल आहे हा! रेफरी झोपलाय का?"

फाउल आहेच. पण जानेवारी १९७४ मध्ये न्यूयॉर्कला, दुसऱ्या लढतीत, अलीने जो फ्रेझरला रात्रभर असंच मानेला धरून खाली दाबलं आणि रेफरीने चालवून घेतलं. अली गुणांवर जिंकला. तीन वर्षं आधी, मार्च १९७१ ला, याच फ्रेझरने त्याला पंधराव्या राउंडमध्ये हुकने पाडून हरवलं होतं. तेव्हा कोण जिंकेल विचारण्याआधी रेफरी कोण, हे ठरवा.

राउंड किती तेही ठरवा. अलीच्या काळात विजेतेपदाची लढत पंधराची. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडपर्यंत लढून कोसळला, दगावला, आणि मग एकेका संघटनेने करत दशक संपेपर्यंत सगळीकडे बारा झाले. टायसनला पंधरा राउंड लढावे कधी लागलेच नाहीत. कागदावर फरक तिनाचा दिसतो. आमच्या हौशी बॉक्सिंगमध्ये एकूण राउंडच तीन असायचे आणि तिसऱ्यात हात वर धरून ठेवणं हीच लढाई असायची.

आता १९९०. ११ फेब्रुवारीला, रविवारी, टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला दहाव्या राउंडमध्ये झोपवलं. सोमवारी मेसमध्ये पेपर आला. पहिल्या पानावर मंडेला सुटल्याची बातमी, आत खेळाच्या पानावर टायसन. मी तो पेपर घडी घालून आबाच्या ताटाशेजारी ठेवला आणि वरण वाढून घेतलं. आबाने वाचलं, पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "हा खरा टायसन नव्हेच."

त्याची कारणं खोटी नव्हती. रूनीला १९८८ मध्येच काढलं होतं, सराव धड नव्हता, डोळा सुजला तर दाबायला कोपऱ्यात थंड लोखंडी पट्टी नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून शेकत बसले होते. सगळं खरं. पण मग हिशेब असा होतो की खरा टायसन म्हणजे नोव्हेंबर १९८६ ते जून १९८८. जिंकला तोवर खरा, हरला की दुसराच कुणीतरी. अशा माणसाला हरवणार कोण?

अलीवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. ते नोव्हेंबर १९६६ ची क्लीव्हलंड विल्यम्सची लढत लावतात आणि म्हणतात, हा खरा अली. नाचतो काय, मारतो काय! त्या विल्यम्सला दोनच वर्षं आधी पोलिसाची गोळी लागली होती, एक मूत्रपिंड गेलं होतं. त्या लढतीवरून अलीचं मोठेपण ठरवू नका. मी १९७१ चा पराभव धरतो, १९७३ ला केन नॉर्टनने जबडा मोडला तोही धरतो. सगळा माणूस घ्यायचा असेल तर सगळा घ्या.

आबाचा आणखी एक लाडका मुद्दा: लॅरी होम्सने अलीला हरवलं, टायसनने होम्सला हरवलं, म्हणजे झालं. बर्बिकचंही तसंच, अलीला शेवटचं हरवणारा तोच आणि टायसनसमोर तीनदा पडणाराही तोच. होम्ससमोर अली उभा राहिला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. टायसनसमोर होम्स उभा राहिला तेव्हा होम्स ३८ चा, आणि तोही पावणेदोन वर्षं रिंगबाहेर बसून आलेला. दोन म्हाताऱ्यांच्या पराभवावरून तरुणांचा निकाल लावायचा?

गेल्या वर्षी आबाने कॉम्प्युटरने बनवलेली चित्रफीत पाठवली. अली-टायसन, दुसरा राउंड, अली चीत. 'आता तरी मान.' अहो, हा धंदा जुना आहे. १९६९ मध्ये मायामीत अली आणि जुना विश्वविजेता रॉकी मार्सियानो या दोघांना स्टुडिओतल्या रिंगमध्ये उतरवून ढीगभर राउंड चित्रित केले होते. मार्सियानो तेव्हा चाळिशी ओलांडलेला, डोक्यावर विग. अलीचं विजेतेपद काढून घेतलेलं, लढायला बंदी, पैशाची गरज. निकाल म्हणे कॉम्प्युटरने ठरवला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत लोकांनी मार्सियानोला तेराव्या राउंडमध्ये नॉकआउटने जिंकताना पाहिलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत शेवट वेगळा होता आणि अली जिंकला होता. गिऱ्हाईक बघून निकाल! मार्सियानो बिचारा चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच विमान अपघातात गेला, त्याला तो कळलाही नाही.

असो. मूळ प्रश्नाकडे. टायसनला संधी कुठे आहे, तर डाव्या हुकमध्ये. अली उजवा हात खाली ठेवायचा आणि ठोसा आला की सरळ मागे झुकायचा. १९६३ मध्ये वेम्बलीला हेन्री कूपरने त्याला डाव्या हुकनेच पाडलं, १९७१ मध्ये फ्रेझरने डाव्या हुकनेच. फ्रेझरला तापायला दोन-तीन राउंड लागायचे. टायसन घंटा वाजताच तापलेला असायचा आणि हुकमागून अपरकट यायचा, ज्याची फ्रेझरला सवय नव्हती. म्हणून दहातल्या तीन लढती मी टायसनला देतो, तिन्ही चार राउंडच्या आत. उरलेल्या सातांत अली पडेलही, पण उठेल. कूपरनंतर उठून पुढच्याच राउंडमध्ये जिंकला, फ्रेझरनंतर उठून घंटेपर्यंत लढला. टायसन पडल्यावर उठून जिंकलाय अशी एक लढत मला दाखवा.

तुम्हाला खरंच तुलना करायची असेल तर गाजलेले तुकडे बघणं बंद करा आणि लांबलेल्या लढती पूर्ण बघा. टकरची पूर्ण बघा, कंटाळा आला तरी. सातव्या राउंडनंतर टायसन एकेकटे ठोसे मारायला लागतो, जोड्या बंद होतात. आबाने ती आजतागायत पाहिलेली नाही, मी लिंक पाठवूनही.

फ्युरी. सहा फूट नऊ इंच, सव्वाशे किलोच्या वर. आजची मंडळी म्हणतात, एवढ्या धिप्पाड माणसापुढे जुने पोरगेले वाटतील. मे २०२४ मध्ये रियाधला युक्रेनच्या उसिकने त्याला हरवलं, डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं. उसिकची उंची अलीइतकीच, सहा फूट तीन इंच, आणि वजन फ्युरीपेक्षा वीसेक किलो कमी. तेव्हा अली जिंकतो, गुणांवर. टायसनचं थोडं अवघड आहे, कारण फ्युरी अंगावर रेलून माणसाला दमवतो आणि टायसनला तेच सोसत नाही. पण २०१३ मध्ये कनिंगहॅमसारख्या मूळच्या क्रूझरवेटने (हेवीवेटच्या खालच्या वजनगटातल्या) फ्युरीला दुसऱ्या राउंडमध्ये पाठीवर टाकलं होतं. टायसनने टाकलं नसतं असं म्हणवत नाही. फक्त फ्युरी उठतो, अमेरिकेच्या वाइल्डरसमोर चारदा पडून चारदा उठलाय. हा सामना मी पन्नास-पन्नास ठेवतो.

एक सांगायचं राहिलं. अली मानेला धरायचा तसं आजच्या कडक रेफरीने चालवून घेतलं नाही, दोन-तीन गुण कापले, तर माझा सातचा आकडा सहावर येईल. पाचवर नाही.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण या तिघांनाही जड गेला असता असा माणूस म्हणजे १९८० च्या आसपासचा लॅरी होम्स. त्याचा जॅब अलीपेक्षा जड, आणि अर्नी शेव्हर्सच्या ठोशाने सपाट पडून उठून जिंकलेला. पण त्याच्या नॉकआउट्सची कॅसेट कुणी दुबईहून आणली नाही, म्हणून त्याच्याबद्दल प्रश्नही कुणी विचारत नाही. विचारलात तर लिहीन.