आधी डॉक्टर, मग पोर्टफोलिओ

प्रश्न : माझी मुलगी 17 वर्षांची असून इचलकरंजीत बारावी विज्ञानला आहे. उंची 5 फूट 4 इंच, वजन 44 किलो. तिला फॅशन मॉडेल करायचे आमच्या मनात आहे. मुंबईच्या एका एजन्सीने तिची निवड केली असून पोर्टफोलिओ (निवडक छायाचित्रांचा संच) व ग्रूमिंगचे 1 लाख 20 हजार रुपये सांगितले आहेत, निम्मे भरले. आणखी 4 किलो कमी करायला सांगितले आहे. मुलगी शिस्तीची आहे, रात्री फक्त ताक घेते. मध्यंतरी तीन महिने पाळी आली नाही, पण बारीक मुलींचे असे होतेच. निफ्टला (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत) प्रवेश घेतल्यास मॉडेलिंगला उपयोग होईल का?

उत्तर : ताई, आपण निफ्टविषयी विचारले आहे, परंतु मी अडखळले ती पाळीविषयीच्या वाक्यापाशी, जे आपण जाता जाता लिहून टाकले आहे. पाळी थांबणे हे बारीक मुलींचे वैशिष्ट्य नव्हे. शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते, आणि हे असेच लांबले तर ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती कमजोर होऊ लागतात. मुलीने दुसरी पोळी नको म्हटले की एरवी आईचा जीव खालीवर होतो. आपण त्याला शिस्त म्हटले आहे, याचे मला वाईट वाटले.

ज्या व्यवसायासाठी हे चालले आहे, त्याने यापूर्वीच याची किंमत मोजली आहे. 2006 मध्ये उरुग्वेची 22 वर्षांची मॉडेल लुइसेल रामोस फॅशन शोदरम्यानच मरण पावली, आणि त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने 18 पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) असलेल्या मॉडेलना रॅम्पवर येऊ न देण्याचा नियम केला. आपल्या मुलीच्या उंचीला हा आकडा गाठण्यासाठी साधारण साडेसत्तेचाळीस किलो वजन लागते. म्हणजे आजच्या 44 किलोंवरही तिला तेथून परत पाठवले असते, आणि एजन्सी मात्र 40 मागत आहे. 2017 पासून फ्रान्समध्ये मॉडेलला काम करण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून ते काम आईला करावे लागते. मिस युनिव्हर्स स्पर्धेत 1992 साली तिसऱ्या आलेल्या मधु सप्रे मूळच्या ॲथलीट, तर मिलिंद सोमण राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. ही शरीरे मैदानात आणि पाण्यात घडली होती, ताकावर नव्हे.

आता पैशांविषयीचा गैरसमज. निवड झाली म्हणून एजन्सीला पैसे द्यावे लागतात, असे आपण गृहीत धरले आहे. खरी एजन्सी काम मिळवून देते आणि त्या कामाच्या मोबदल्यातून आपले कमिशन कापून घेते. जिची मिळकत मुलींच्या शुल्कातूनच होते, तिला पुढे काम मिळवून देण्याची घाई कशाला असेल? पहिल्या पसंतीसाठी महागडा पोर्टफोलिओही लागत नाही. मेकअपशिवाय, साध्या अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांत, खिडकीच्या उजेडात समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीची काढलेली छायाचित्रे पुरतात. शिवाय 18 वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार भारतीय कायद्यात बंधनकारक ठरत नाही, त्यामुळे सही कोणाची मागितली आहे आणि कलमे काय आहेत, हे वकिलाला दाखवा. दुसरा हप्ता भरू नका.

उंचीविषयी स्पष्ट सांगते. रॅम्पसाठी मुलींची उंची साधारण 5 फूट 8 इंच किंवा अधिक लागते, आणि ती वजन घटवून वाढत नाही. कॅटलॉग, जाहिराती आणि ऑनलाइन दुकानांच्या शूटमध्ये उंचीची अट सैल असते. तेथे दिवसभरात कपड्यांचे कितीतरी जोड बदलून तितक्याच ताज्या चेहऱ्याने उभे राहावे लागते आणि पैसे अनेकदा महिनोन्महिने अडकतात. हे काम अर्धपोटी होत नाही.

निफ्टमध्ये कपड्यांची रचना, वस्त्ररचना, फॅशन कम्युनिकेशन असे विषय शिकवतात; मॉडेल होण्याची ती वाट नाही. कापडातच रस असेल, तर आपल्या गावातच वस्त्र अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. पण तिला कशात रस आहे, हे पत्रात कोठेच नाही; सगळीकडे ‘आमच्या मनात’ आहे.

याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि तपासणीच्या वेळी तिला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीने बोलू द्या. निफ्टचे आणि मॉडेलिंगचे जे काही विचारायचे, ते त्यानंतर तिने स्वतः मला लिहावे. मी सविस्तर उत्तर देईन.