सौम्य नैराश्यात मन थोडं हलकं करायला काय करता येईल?
'मूड आला की करू' म्हणून थांबू नका. नैराश्यात क्रम उलटा असतो: आधी कृती, मूड मागून येतो. सकाळी उजेडात 20-30 मिनिटं चाला. जमतच नसेल तर चप्पल घालून 5 मिनिटं दाराबाहेर, तेवढंही चालतं. बहुतेकांचं बिघडतं इथेच. पहिल्याच दिवशी तासभर व्यायाम ठरवतात, तिसऱ्या दिवशी तो सुटतो, वर अपराधी वाटतं ते वेगळंच. कामाचे तुकडे करा: 'खोली आवरणे' नको, 'टेबलावरचे कप उचलणे' लिहा. झोप लागो न लागो, उठायची वेळ एकच ठेवा. दारू टाळा, ती झोप मोडते. 2 आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटला तर लगेच, त्याच दिवशी.