नेपोलियन सध्या घरातच राहू द्या

प्रश्न : वय ५९, गेल्या वर्षी निवृत्त, पेन्शन नाही, ठेवी ३५ लाख. वडिलांनी कुवेतहून आणलेला, इराणमधल्या केरमानचा जुना गालिचा आहे. त्यावर राजे, पैगंबर, नेपोलियनसुद्धा विणलाय. व्यापारी म्हणतो, सव्वाशे वर्षांचा आहे, लंडनच्या लिलावात १२ लाख येतील. आत्ता विकू की दहा वर्षं ठेवू? विकला तर तीन आठवड्यांपूर्वी बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचे हप्ते सुटतील (वर्षाला ३ लाख, १० वर्षं, बाराव्या वर्षाअखेर ४२ लाख).

उत्तर : तुमचा प्रश्न गालिच्याचा, पण धस्स झालं ते कंसातलं वाचून.

३५ लाखांवर सात टक्क्यांनी व्याज येणार अडीच लाख. हप्ता तीन लाख. मग घर कशावर चालवणार? गालिच्याचे १२ लाख खरोखर आले, तरी चारच हप्ते भागतील. उरलेल्या सहांसाठी नेपोलियन पुन्हा विकता येत नाही. एवढं करून ३० चे ४२, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास! साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आठच्या वर देते आणि व्याज दर तिमाहीला हातात पडतं. निवृत्त माणसाच्या गळ्यात दहा वर्षांचे हप्ते बांधणाऱ्याला काय म्हणावं?

पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. विम्याच्या भाषेत 'फ्री लूक'. तेवढ्या दिवसांचं जोखमीचं शुल्क, मुद्रांक, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात. अर्ज थेट विमा कंपनीकडे, लेखी, आणि पोच घ्या. बँकेतले साहेब 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतील. तिसावा दिवस कधी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता गालिचा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे व्यापाऱ्याने सांगितलेलं गालिच्याचं वय खरं असेल तर लंडन खोटं, आणि लंडन खरं असेल तर वय खोटं. '१२ लाख येतील' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, 'तुम्ही किती देता?' दहा वर्षांनी दुप्पट होईल ही आशाही नको. अमेरिकेने २०१८ पासून इराणी गालिच्यांची आयात पुन्हा बंद केली आहे. अशा चित्रगालिच्यांचे हौशी गिऱ्हाईक मुळात मोजके.

तेव्हा विक्रीची घाई नको, आधी पॉलिसी परत करा. तोवर गालिच्याची घडी घालू नका, गुंडाळून सुती चादरीत ठेवा. कसर लागली तर चेहरेच जातील. पॉलिसी परत केल्याची पोच मिळाली की फोटो पाठवा, मागच्या बाजूचेही.