तुमचे प्रश्न: वजन वाढलं, पण मटण का नाही वाढलं?

प्रश्न: आमचं बार्शी तालुक्यात बंदिस्त शेळीपालन आहे, सगळी उस्मानाबादी. ईदच्या आधी दोन महिने बोकडांना मका भरडा आणि सरकी पेंड भरपूर चारली, काट्यावर वजन मस्त वाढलं, पण खाटीक म्हणतो आत नुसती चरबी निघाली. दोन बोकडांचं मटण काळपट पडलं अशीही तक्रार आली. मग खुराक द्यावा की नाही?

उत्तर: द्यायचाच, पण तुम्ही दिला तो उशिरा दिला. जनावर वाढताना आधी हाड, मग मांस आणि शेवटी चरबी असा क्रम असतो, आणि बोकड दीड-दोन वर्षांचा झाला की मांसाची वाढ बरीचशी उरकलेली असते, मग वरून कितीही मका ओता तो चरबीतच जाणार. त्यात शेळी चरबी साठवते ती गुर्द्याभोवती आणि आतड्यांच्या पडद्यावर, कातडीखाली किंवा मांसात फार कमी, म्हणजे गिऱ्हाईकाच्या पिशवीत ती जातच नाही. शिवाय मांसात पाऊण हिस्सा पाणी असतं, चरबीत ते अगदी कमी, म्हणून एक किलो चरबी चढवायला एक किलो मांसापेक्षा खूप जास्त खाद्य लागतं. तुमचा पैसा तिथे गेला.

खुराक सुरू करा करडू तीन महिन्यांचं होऊन दूध तुटलं की. २० किलोच्या करडाला दिवसाला साधारण ६०० ते ८०० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, त्यातला २०० ते ३०० ग्रॅम खुराक (मका भरडा, शेंगदाणा किंवा सरकी पेंड, कोंडा, मिनरल मिक्श्चर, प्रोटीन १४ ते १६ टक्के धरून), बाकी तूर नाहीतर हरभऱ्याचं भुसकट आणि सोबत मेथीघास, शेवरी, सुबाभूळ. नुसत्या वाळल्या चाऱ्यावर ठेवलेल्या बोकडाचं पोट मोठं दिसतं, काटाही फसवतो कारण त्यात पोटातला चारापाणी धरलेला असतो, आणि २५ किलोच्या बोकडाचं मटण साडेदहा किलो निघणार की बारा हे बरंचसं यावरच ठरतं. म्हणून वजन दर पंधरा दिवसांनी सकाळी चारा टाकायच्या आधीच करा, आणि कंबरेवर हात फिरवून बघा, मणक्याच्या दोन्ही बाजूला मांस भरलेलं लागलं पाहिजे, हे काट्यापेक्षा खरं सांगतं.

आता काळं मटण. ते खुराकाने होत नाही, उलट उपाशी आणि घाबरलेल्या जनावराचं होतं! मांसातली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, कापल्यानंतर आम्लात बदलते आणि पीएच (आम्लता मोजायचा आकडा, आम्ल वाढलं की तो उतरतो) ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो, तेव्हा मटण लालसर आणि टिकाऊ राहतं. बोकड टेम्पोत दाटीने उभा राहिला, बाजारात दिवसभर उन्हात, अनोळखी बोकडांशी टकरा, तर ती साखर आधीच संपते, पीएच ६ च्या वर राहतो आणि मटण काळपट, चिकट पडून लवकर नासतं. शेळ्या तशाही भेदरट, त्यांच्यात हे जास्त दिसतं. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात खुराक तोडू नका, चारा फक्त कापायच्या आधी बारा तास बंद ठेवा पण पाणी समोर असू द्या, आणि आपले बोकड दुसऱ्यांच्यात मिसळू देऊ नका.

आणि दोन महिन्यांत भरपूर चारलं म्हणालात म्हणून सांगतो, धान्य एकदम वाढवलं की पोटात आम्ल होऊन बोकड रात्रीतून जातो, दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. खच्ची केलेल्यांना जास्त धान्याने मूतखडा होतो कारण धान्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, मिश्रणात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष तयार होऊन जनावर अचानक मरतं तो रोग) लस पावसाळ्याआधी द्याच, खुराकावरची तब्येतीची करडंच त्याला पहिली बळी पडतात.