छोट्या काचेच्या बाटल्या टाकू नका, पण सगळ्या साठवूही नका

सुरुवातीला प्रत्येक रिकामी बरणी ठेवून द्यावीशी वाटते. तसं केलंत तर महिन्याभरात कपाट भरेल आणि वापर शून्य. एकाच मापाच्या, रुंद तोंडाच्या तेवढ्या ठेवा.

लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा. मागे राहिलेला चिकटा नखाने खरवडत बसू नका. खाण्याचा सोडा आणि तेल समप्रमाणात कालवून लावा, अर्ध्या तासाने पुसून घ्या. वास मात्र काचेत नसतो, झाकणाच्या आतल्या रबरी थरात असतो. झाकणं उन्हात ठेवून बघा, तरीही गेला नाही तर ती बरणी खिळ्या-बटणांसाठी.

त्यासाठीच माझी सगळ्यात आवडती युक्ती: झाकण फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने पक्कं करायचं आणि बरणी खालून फिरवून लावायची. स्क्रू दोन मारा. एकच मारलात तर बरणी उघडताना झाकणही सोबत गरगर फिरतं.

पाण्यात रोपाची फांदी रुजवायची असेल तर पानाचा सांधा पाण्याखाली हवा. उजेडामुळे शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून कागद गुंडाळा आणि पाणी आठवड्याला बदला.

मेणबत्तीसाठी पातळ काच अजिबात नको, तडकते. फ्रीझरमध्ये ठेवायची असेल तर खांदा नसलेली, सरळ बाजूंचीच घ्या आणि वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा, कारण पाणी गोठताना फुगतं. थंडगार बरणीत उकळतं पाणी तर कधीच ओतू नका.